आठ दिवसांची रजा

आमच्या घरात एक विनोद वर्षानुवर्षे सांगितला जातो. २००३ साली अम्मीचे पित्तखड्यांचे ऑपरेशन झाले. आठव्या दिवशी सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी टाके पाहिले आणि ''आजी, आज घरी जायचं,'' असे सांगितले. अम्मीने विचारले, ''अजून दोन दिवस ठेवता येईल का?'' डॉक्टरांना वाटले, दुखत असेल. त्यांनी पुन्हा तपासले. दुखत नव्हते. ते पुढच्या खाटेकडे गेल्यावर अम्मी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ''घरकू जाने की इत्ती क्या घाई है?''

ईदला सगळे जमले की हा किस्सा निघायचा. आम्ही पोट धरून हसायचो. अम्मीही हसायची. तिच्या त्या वाक्यात तक्रार आहे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे रशीद जहाँ यांचे 'परदे के पीछे' हे छोटे नाटक वाचताना ते वाक्य आठवले आणि मग हसू आले नाही. दवाखान्यात बरे वाटले असे जेव्हा एखादी बाई म्हणते, तेव्हा ती दवाखान्याची तारीफ करत नसते. घराविरुद्ध साक्ष देत असते. ही साक्ष साहित्याने किती नोंदवली आहे, हा या लेखाचा विषय आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली 'ऑन बीईंग इल' या निबंधात एक तक्रार केली होती. प्रेम, युद्ध आणि मत्सर यांच्या बरोबरीने आजारपण हा साहित्याचा मोठा विषय का झाला नाही, असे त्यांचे विचारणे होते. पण त्यांच्याही आधी, १८५२ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'कॅसांड्रा' लिहिले. रुग्णसेवेची देवता म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकात भेटतो; त्यांनी कुटुंबव्यवस्थेवर इतके जळजळीत लिहिले आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. स्त्रीचा वेळ तिच्या मालकीचा मानला जात नाही, घरातल्या कोणीही तो केव्हाही मागावा आणि तिने हसतमुखाने द्यावा, हे त्यांचे मुख्य म्हणणे. त्याच ओघात एका विवाहितेने बोलून दाखवलेल्या इच्छेचा उल्लेख येतो. हात किंवा पाय मोडला तर निदान थोडा वेळ आपल्या वाट्याला येईल, असे त्या बाईला वाटत होते! हे लेखन १८६० मध्ये खासगीरीत्या छापले गेले आणि सर्वांच्या हाती पडायला १९२८ साल उजाडले.

नाइटिंगेल यांच्या स्वतःच्या आयुष्यात पुढे जवळजवळ तसेच घडले. क्रिमियाहून १८५६ मध्ये परतल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी अंथरूण धरले आणि पुढची कित्येक वर्षे त्या बहुतेक खोलीतच होत्या. आजार खोटा नव्हता. पण त्या आजारपणाच्या आडोशाने त्यांनी आईला आणि बहिणीला दूर ठेवले, भेटायला येणाऱ्याला एकेकट्याने आत घेतले आणि खाटेवरूनच प्रचंड काम केले. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता इथल्या आरोग्यव्यवस्थेवर त्यांनी जे लिहिले, तेही याच खोलीतून.

मात्र ही सोय सर्वांना नव्हती, हे विसरता येत नाही. नाइटिंगेल आणि वुल्फ यांच्या आजारपणात चूल पेटवायला नोकर होते. खाट हीच त्यांची स्वतंत्र खोली झाली. आपल्याकडे पडद्यातल्या बाईचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा होता. तिला मुळात डॉक्टरपर्यंत पोहोचायचे कसे? पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही आणि स्त्री डॉक्टर नाहीत, या कोंडीतून वाट काढण्यासाठी १८८५ मध्ये डफरिन फंड सुरू झाला. मुंबईत १८८६ मध्ये खास स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. १९१६ साली दिल्लीत मुलींसाठी लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज निघाले. याच कॉलेजात शिकून रशीद जहाँ डॉक्टर झाल्या.

त्यांचा जन्म १९०५ चा, अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला यांनी मुस्लिम मुलींच्या शिक्षणासाठी अलीगढमध्ये शाळा काढली होती. १९३२ च्या अखेरीस लखनौहून 'अंगारे' हा संग्रह प्रसिद्ध झाला. सज्जाद झहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि रशीद जहाँ हे चार लेखक. त्यांत बाई एकटी. गदारोळ माजला आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकावर बंदी घातली. या पुस्तकाची चर्चा आजही धर्मनिंदा आणि बंदी एवढ्यापुरतीच होते. रशीद जहाँ यांनी त्यात नेमके काय लिहिले होते, ते बाजूला राहते.

'अंगारे'मध्ये त्यांच्या दोनच रचना आहेत. 'दिल्ली की सैर' या लहानशा कथेत फरीदाबादची एक बाई नवऱ्याबरोबर दिल्ली पाहायला निघते. स्टेशनवर उतरल्यावर नवऱ्याला कोणी ओळखीचा भेटतो. तो बायकोला सामानापाशी बसवून निघून जातो. बुरख्यातली ही बाई फलाटावर, लोकांच्या नजरा झेलत, सामानावर बसून राहते. तो खाऊनपिऊन परत येतो तेव्हा ती म्हणते, मला घरी घेऊन चल. झाली दिल्लीची सैर! घरातून बाहेर पडली, पण सुटका झाली नाही. सामान सांभाळायचे काम तेवढे बदलले.

दुसरी रचना 'परदे के पीछे'. दोन शरीफ घरातल्या बायका बसून बोलत आहेत, एवढाच त्यात प्रसंग आहे. मुहम्मदी बेगम वयाने फारशी नाही, पण म्हातारी दिसते. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना तिने सांगितलेले वय खरे वाटत नाही. लग्न झाल्यापासून जवळजवळ दरसाल एक मूल. खंड पडला तो नवरा परदेशी गेला तेव्हा आणि एकदा भांडण झाले तेव्हा. घरात पैसा आहे. प्रत्येक मुलासाठी दूधआई ठेवली जाते. पण ही चैन बाईसाठी नाही. मूल अंगावर असले तर बायको नवऱ्याच्या हाती लागत नाही, म्हणून ही व्यवस्था.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्या परंपरेत बाळंतिणीला चाळीस दिवसांची विश्रांती आहे. नमाज, रोजा यांतूनही त्या काळात तिला सवलत आहे. मराठी मुलखात हिंदू असो वा मुसलमान, सव्वा महिन्याचा हा हक्क आजीच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेला असतो. बाईला मिळणारी हक्काची रजा म्हणावी तर एवढी एकच, आणि तीही शरीर फाडून मिळवलेली. मुहम्मदी बेगमच्या घरात बाळंतपणही नवऱ्याच्या सोयीने आखले जाते.

आणि ऑपरेशन? तेही आहे. वारंवारच्या बाळंतपणांनी गर्भाशय खाली आले, तेव्हा ते नीट करून घेतले जाते. कशासाठी, तर नवऱ्याला सुख मिळावे म्हणून. पुन्हा दिवस जातात आणि पुन्हा शरीर खचते. नवऱ्याची दुसऱ्या लग्नाची टांगती तलवार असतेच. एक डॉक्टर स्त्रीच हे लिहू शकत होती. दवाखाना बाईला बरे करतो, म्हणजे पूर्वीच्या कामावर रुजू होण्यालायक करतो, हे तिने पाहिलेले होते. सायकल दुरुस्त करून मालकाच्या ताब्यात द्यावी, तसा हा प्रकार आहे.

याच्या शेजारी हमीद दलवाईंची 'इंधन' ही १९६५ ची कादंबरी ठेवून पाहावी. तिचा निवेदक हृदयाच्या दुखण्यानंतर विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी, आपल्या घरी येतो. गावात पेटलेल्या वणव्यामुळे त्याला निवांतपणा मिळत नाही, हा भाग वेगळा. पण विश्रांतीसाठी घरी जावे, हे लेखकालाही आणि वाचकालाही स्वाभाविक वाटते. आजारी पुरुषाला डॉक्टर सांगतात, घरी जाऊन आराम करा. आजारी बाईला हेच वाक्य सांगितले तर तिला त्यातला अर्धाच भाग पाळता येतो. ती घरी जाते. 'इंधन'चे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण 'घर' हा शब्द आपल्या साहित्यात कोणाच्या बाजूने वापरला जातो, हे त्यावरून समजते.

यावर कोणी म्हणेल, दवाखान्यात कसली आली विश्रांती? जनरल वॉर्डात रात्री दिवे जळत असतात, शेजारची बाई कण्हत असते, सलाईनची सुई टोचत असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तर प्रत्येक दिवसाचा बुडालेला रोज मोजावा लागतो. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. असल्या जागेत बाईला मोकळे वाटत असेल, तर घरात तिला काय वाटत असेल? अम्मी त्या आठ दिवसांत काय करत होती, ते मी आठवून पाहतो. ती गरम चहा प्यायची. घरी तिचा चहा नेहमी निवायचा. ताट कोणीतरी तिच्यापुढे आणून ठेवायचे. दुपारी शेजारच्या खाटेवरच्या मावशींशी ती तासन्‌तास बोलायची. त्या मावशींना ती स्वतःचे नाव सांगायची. घरी तिला अम्मी, भाभी, दुल्हन म्हणणारे पुष्कळ होते, नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. अम्मीच्या त्या रजेचे मोल कोणी भरले? माझ्या बायकोने. पहाटे उठून डबा, मुलांची शाळा, अब्बांचे पथ्य, संध्याकाळी पुन्हा डबा. रात्री सोबतीला वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपायची तीच. सासूला मिळालेली विश्रांती सुनेच्या खात्यातून काढलेली होती. मी मात्र दोन्ही वेळा डबा पोहोचवून सेवा केल्याच्या समाधानात होतो. अम्मीचा प्रश्न विनोद म्हणून पहिल्यांदा घरी सांगितला तो मीच.

रशीद जहाँ यांचे लेखन इथवर पोहोचत नाही. त्यांची मुहम्मदी बेगम बोलते, भडभडून बोलते, पण तिला एकटीला शांत बसलेली आपण पाहत नाही. कोणी काही मागत नसताना ती काय विचार करील, हे नाटक सांगत नाही. लेखिकेला तेवढे आयुष्यही मिळाले नाही. कर्करोगावरील उपचारांसाठी त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथेच जुलै १९५२ मध्ये वारल्या. वय अवघे सेहेचाळीस-सत्तेचाळीस.

राहिलेले काम आपले आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण तलाक, बुरखा, दंगल, जमातवाद यांवर पुष्कळ लिहिले. ते आवश्यकच होते. पण या मोठ्या प्रश्नांच्या गर्दीत आपल्या घरातली बाई कायम पीडित म्हणून तरी आली किंवा प्रेमळ माय म्हणून तरी. थकलेली बाई आली नाही. तलाक न झालेली, मारहाण न होणारी, भरल्या घरात राहणारी आणि तरीही वॉर्डातून घरी परतायला नाखूश असलेली बाई माझ्या वाचनात तरी आपल्या कथेत आलेली नाही. तिच्यावर अन्याय करणारा खलनायक दाखवता येत नाही, म्हणून बहुधा ती आपल्याला लिहिता येत नाही. त्या घरात खलनायक कोणी नसतो. सगळे चांगलेच असतात, आणि सगळ्यांना चहा हवा असतो.

ही कथा आपल्या लेखिकांनी लिहावी असे मला वाटते. त्यात डिस्चार्जचा कागद असावा, औषधांची पिशवी असावी, रिक्षा असावी. घरी पोहोचल्यावर उंबऱ्यात कोणीतरी प्रेमाने विचारते, ''अम्मी, आता बरं वाटतंय ना?'' आणि पाठोपाठ, ''मग आज खाना काय करायचा?'' आमच्या घरी हे दोन्ही प्रश्न मीच विचारले होते. अम्मीने बुरखा काढून खुंटीला लावला आणि तांदूळ निवडायला घेतले. टाके अजून ओले होते.