नॉव्हेल, रोमान्स आणि कादंबरी

इंग्रजीत ‘नॉव्हेल’ आणि ‘रोमान्स’ या संज्ञांमधील भेद क्लारा रीव्ह यांनी १७८५ मध्ये मांडला. प्रत्यक्ष जीवन व रीतिभाती हे पहिलीचे क्षेत्र, अद्भुत व असंभाव्य हे दुसरीचे. मराठीत मात्र दोहोंसाठी ‘कादंबरी’ हा एकच शब्द रूढ झाला, आणि तोही बाणभट्टाच्या अद्भुतरम्य कृतीवरून. परिणामी विधवांची दुःस्थिती मांडणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) यांना वास्तवाचा एकच निकष लावला जातो व दुसरी उणी ठरते. वस्तुतः वास्तवदर्शन हे ‘मुक्तामाला’चे उद्दिष्टच नव्हे. तिची चिकित्सा रोमान्स म्हणूनच व्हावयास हवी. मराठीला दुसरी संज्ञा लाभली नाही तरी समीक्षेने हा भेद विसरू नये.