'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती पाऊस?

'तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता.' कृषी हवामान सल्ला पत्रिकेतले असे वाक्य वाचून 'म्हणजे थोडासाच पाऊस' असे समजणारे अनेक जण आम्हाला भेटतात. वस्तुतः 'तुरळक' हा शब्द पावसाला नव्हे, ठिकाणांना लागू आहे. त्या भागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. जिथे पडेल तिथे तो बांध फोडणाराही असू शकतो.

भारतीय हवामान विभागाची कृषी हवामान शाखा १९३२ साली पुण्यात सुरू झाली. २००८ पासून जिल्हावार सल्ला निघू लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज व पिकांविषयी सूचना मिळतात. २०१९ पासून 'मेघदूत' अॅपवरही त्या येतात. हे काम मोलाचेच आहे. आमचा आक्षेप असा, की 'काय करावे' हे सांगताना त्यामागचे 'का' बहुधा राहून जाते.

'७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये' हा सल्ला पाहा. पहिल्या सरींनी मातीचा वरचा थरच भिजतो. त्या ओलीवर बी उगवते. पण पुढे पावसाने ओढ दिली की रोप वाळते आणि दुबार पेरणीचा खर्च गळ्यात पडतो. हे कारण कळले, तरी मिलिमीटर मोजायचे कशाने? मंडळाच्या केंद्रावरचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असे नाही. शिवाय पावसाची रीतही बदलते आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. केवळ नक्षत्रांच्या आडाख्यांवर आता भागणार नाही.

इथे शाळा पुष्कळ करू शकते. सपाट तळाचा, सरळ भिंतींचा डबा उघड्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर, हेक्टरवर १० हजार लिटर पाणी, हे गणित मुलांनाच करू द्या. नोंदीशेजारी त्या दिवसाचा अंदाजही लिहा. हंगाम संपल्यावर अंदाज किती वेळा जुळला ते मोजा, म्हणजे 'शक्यता' या शब्दाचा अर्थ उमगेल. ती वही मुलांनी घरी न्यावी. पेरणीचा निर्णय तिथेच होत असतो.