हिप-हॉप गीते आणि त्यांची दृश्यभाषा : एक चिकित्सा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हिप-हॉप गीतांकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्या सुशिक्षित वर्गात आढळतात. पहिली सवय तुच्छतेची आहे. हा गोंगाट आहे, त्यात शिवीगाळ आहे, हिंसेचे उदात्तीकरण आहे, असे म्हणून हा वर्ग कान झाकून घेतो. दुसरी सवय कोडे सोडविण्याची आहे. गीताची चित्रफीत पुन्हा पुन्हा थांबवून पाहायची, प्रत्येक वस्त्राचा, प्रत्येक रंगाचा गुप्त अर्थ शोधायचा आणि अशा अर्थांची यादी तयार झाली की गीत समजले असे मानायचे. आमच्या मते या दोन्ही सवयी एकाच चुकीतून जन्मतात. ज्या समाजाच्या पोटी हे गीत जन्मले, त्या समाजाच्या स्थितीपासून त्या गीताला तोडतात. प्रस्तुत लेखात आम्ही चार गीते व त्यांच्या चित्रफिती समोर ठेवून या कलेचा अर्थ कसा लावावा, याचा विचार करणार आहोत.

उगम : मोडक्या वस्तीतील संगीत

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत झालेल्या एका घरगुती समारंभापासून त्याचा इतिहास सांगितला जातो. जमैकातून आलेला कूल हर्क हा तरुण तेथे तबकड्या वाजवीत होता. गाण्यात ज्या ठिकाणी गायन थांबते आणि केवळ ताल उरतो, त्या तुकड्यावर लोक अधिक बेभान होऊन नाचतात, हे त्याने हेरले. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. त्या तालावर बोलणारे पुढे आले आणि रॅप आकारास आले.

हे घडत असताना ब्राँक्सची काय अवस्था होती? रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या योजनेनुसार क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग या वस्त्यांतून नेण्यात आला होता. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या कामात हजारो कुटुंबांची घरे गेली. कारखाने बंद पडले. १९७० च्या दशकात इमारतींना लागणाऱ्या आगी ही तेथील नित्याची घटना होऊन बसली. ज्यांच्याजवळ वाद्ये विकत घेण्यास पैसे नव्हते, त्यांनी इतरांच्या तबकड्यांनाच वाद्य बनविले. या कलेच्या रचनातंत्रातच तिची सामाजिक कारणे दडलेली आहेत. ती ध्यानात घेतल्याशिवाय शब्दांचा अर्थ लावणे व्यर्थ होय.

'द मेसेज' : कोपऱ्यावरील समूह

आरंभीचे रॅप मुख्यतः आनंदाचे व आत्मस्तुतीचे होते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या समूहाच्या नावे आलेल्या 'द मेसेज' या गीताने ते वळण बदलले. त्याचे लेखन प्रामुख्याने ड्यूक बूटी आणि मेली मेल यांचे आहे. काचांचा खच, घाणीची दुर्गंधी, थकलेले भाडे, अपुरे शिक्षण आणि तुरुंगात संपणारे तरुण आयुष्य, असे वस्तीचे चित्र त्यात एका संथ व जड तालावर उभे राहते. उपदेश नाही, उपायही नाही. जे आहे ते मोजून सांगितले आहे.

या गीताचा शेवट आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. गायन थांबते आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर भेटलेल्या मित्रांचे साधे बोलणे ऐकू येते. एवढ्यात पोलीस येतात आणि त्यांना काही कारण नसताना पकडून नेतात. म्हणजे जे कलावंत इतका वेळ परिस्थितीचे वर्णन करीत होते, तेच त्या परिस्थितीचे भक्ष्य ठरतात. वर्णन करणारा वर्णित दुःखाच्या बाहेर उभा नाही, हे येथे एकाही विशेषणाशिवाय सिद्ध होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००२ साली जतन करण्यासाठी निवडलेल्या पहिल्या ५० ध्वनिमुद्रणांत या गीताचा समावेश केला, ही गोष्ट उचितच होती.

'फाइट द पॉवर' : मोर्चा

१९८९ साली पब्लिक एनिमी या समूहाने स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटासाठी हे गीत केले. त्याची एक चित्रफीत स्वतः ली यांनी ब्रुकलिनमध्ये चित्रित केली. तिच्या आरंभी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची जुनी दृश्ये येतात आणि त्यानंतर वर्तमानातील मोर्चा सुरू होतो. लोकांच्या हातांत फ्रेडरिक डग्लस, मार्कस गार्वी, पॉल रोबसन, अँजेला डेव्हिस, मुहम्मद अली यांची चित्रे आहेत. गायक व्यासपीठावर असला तरी चित्रफितीचा खरा नायक हा जमाव आहे.

गीताच्या संगीतातही हेच तत्त्व कार्य करते. शीर्षक आयस्ली ब्रदर्सच्या १९७५ मधील गीतावरून घेतलेले आहे. तालात जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर' मधील तुकडा आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांचे अनेक तुकडे एकमेकांवर रचून हा नाद घडविला आहे. चित्रात पूर्वजांचे चेहरे आहेत आणि नादात पूर्वजांचे स्वर आहेत. दृश्य आणि ध्वनी येथे एकच विधान करतात : आम्ही एकटे नाही आणि आजचेही नाही. मात्र याच ठिकाणी एक कटू गोष्ट नोंदविली पाहिजे. 'फंकी ड्रमर' मधील तो ताल वाजविणारे क्लाइड स्टबलफील्ड यांचे नाव रचनाकार म्हणून नोंदलेले नसल्याने, असंख्य गीतांत आपला ताल वापरला जाऊनही त्यांना त्याचे स्वामित्वधन मिळाले नाही. शोषणाविरुद्धच्या गीतातही श्रमिकाचे नाव हरवू शकते.

'ऑलराइट' : पडणारा मनुष्य

केंड्रिक लामार यांचे 'ऑलराइट' २०१५ सालचे आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आलेली कॉलिन टिली व लिटिल होमीज यांनी दिग्दर्शित केलेली चित्रफीत कृष्णधवल आहे. तिच्यातील एका दृश्यात लामार मित्रांसह एका मोटारीत बसले आहेत आणि ती मोटार चार पोलीस खांद्यावर वाहून नेत आहेत. पालखीची ही उलटी मांडणी हास्यास्पद वाटते, पण ते हसू फार वेळ टिकत नाही. लामार शहरावरून तरंगत जातात आणि दिव्याच्या उंच खांबावर उभे राहतात. खाली एक पोलीस हाताच्या बोटांची बंदूक करतो आणि नेम धरतो. बोटांच्या त्या बंदुकीने रक्त उडते आणि मनुष्य खाली कोसळतो. अखेरीस भूमीवर पडलेला तो चेहरा डोळे उघडतो आणि हसतो.

या हसण्याचा अर्थ काय? 'सर्व काही ठीक होईल' असे म्हणणारे गीत भाबडे आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु गीताची कडवी वैफल्य, मोह आणि मृत्यूचे भय यांनी भरलेली आहेत, केवळ धृपद आश्वासक आहे. धीर हा येथे परिस्थितीचा निष्कर्ष म्हणून येत नाही, परिस्थितीला दिलेले उत्तर म्हणून येतो. या अर्थाला पुरावा चित्रफितीबाहेर मिळाला. जुलै २०१५ मध्ये क्लीव्हलँड येथे कृष्णवर्णीयांच्या चळवळीची परिषद आटोपून परतणाऱ्या लोकांनी पोलिसांसमोर हेच धृपद समूहाने गायिले. एका मनुष्याच्या पतनाचे गीत अनेकांच्या उभे राहण्याचे गीत झाले.

'धिस इज अमेरिका' : पाहणाऱ्यावर आरोप

५ मे २०१८ रोजी प्रसिद्ध झालेले चाइल्डिश गॅम्बिनो म्हणजेच डोनाल्ड ग्लोव्हर यांचे हे गीत आणि हिरो मुराई यांनी दिग्दर्शित केलेली त्याची चित्रफीत यांवर सर्वाधिक भाष्य झाले. एका विस्तीर्ण रिकाम्या गोदामात एक मनुष्य गिटार वाजवीत आहे. उघड्या अंगाचा गायक नाचत त्याच्याजवळ येतो. वादकाच्या डोक्यावर आता पिशवी आहे. गायक एका विचित्र वाकड्या पवित्र्यात उभा राहतो आणि त्याच्या मस्तकात गोळी झाडतो. कोमल समूहस्वर थांबतात आणि जड, गडगडणारा ठेका सुरू होतो. एक मुलगा तांबड्या वस्त्रात ती बंदूक अदबीने घेतो. प्रेत मात्र फरफटत नेले जाते. पुढे गाणाऱ्या एका भजनी समूहावर गोळीबार होतो आणि पुन्हा तेच घडते. शाळेच्या गणवेशातील मुले गायकासोबत नाचतात. त्यांच्या पाठीमागे आग, पळापळ आणि पांढऱ्या घोड्यावरील एक स्वार दिसतो.

येथे संदर्भ निश्चितच आहेत. तो वाकडा पवित्रा १८३० च्या सुमारास टॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून रंगविलेल्या 'जिम क्रो' या पात्राच्या चित्रांशी जुळतो. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना याच पात्राचे नाव पडले. भजनी समूहाची हत्या १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये एका वर्णवर्चस्ववाद्याने केलेल्या नऊ जणांच्या हत्येची आठवण करून देते. या संदर्भांनी अर्थ गाढ होतो. परंतु काही प्रेक्षकांनी गीतातील शांततेचे सेकंद मोजून त्यांचा संबंध फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत त्याच वर्षी मारल्या गेलेल्या १७ जणांशी जोडला. असे आकडे जुळविणे हे समीक्षेपेक्षा ज्योतिषाच्या जवळचे आहे. जो अर्थ चित्राच्या रचनेतून उलगडत नाही, तो आपण त्यावर लादलेला असतो.

मग रचना काय सांगते? गायक नाचतो तेव्हा आपली दृष्टी त्याच्यावर खिळते आणि पाठीमागची हिंसा दिसेनाशी होते. दुसऱ्यांदा पाहिल्यावरच पाठीमागचे दिसते. कृष्णवर्णीयांचे नृत्य हवे, त्यांचा ताल हवा, परंतु त्यांचे मरण नजरेआड असावे, ही जी जगाची सवय आहे, ती ही चित्रफीत प्रेक्षकाकडून प्रत्यक्ष करवून घेते. आरोप पडद्यावर नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यात सिद्ध होतो. हेच या कृतीचे मोठेपण होय.

मर्यादा

तरीही आमचे काही आक्षेप आहेत. पहिला असा की येथे मारणारा आणि मरणारा दोघेही बहुतांशी कृष्णवर्णीयच दिसतात. सत्ता दिसत नाही. 'ही अमेरिका आहे' असे म्हटले जाते, पण ती कोणी घडविली, हे चित्र सांगत नाही. 'द मेसेज' मध्ये पोलिसाचा आवाज तरी होता. दुःखाचे दर्शन घडवून कारण मोघम ठेवले की दुःख नियतीसारखे वाटू लागते. दुसरा आक्षेप स्त्रियांविषयी आहे. गायिका सिझा येथे मोटारीवर मूकपणे बसलेली दिसते, एवढेच. या कलाप्रकारात स्त्रीला वस्तू मानणारी गीते विपुल आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्याविरुद्ध आवाजही आतूनच उठला. क्वीन लतीफा यांनी १९९३ साली 'युनिटी' या गीतात स्त्रियांच्या अवमानाला आणि मारहाणीला सरळ जाब विचारला. हिप-हॉपची चिकित्सा करणाऱ्याने तेही ऐकले पाहिजे.

तिसरा मुद्दा काळाचा आहे. या चित्रफितीत वरच्या सज्जात बसून मुले दूरध्वनीने हिंसेचे चित्रण करतात. त्यातून बघ्यांची निष्क्रियता सूचित होते. परंतु २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली, तेव्हा सतरा वर्षांच्या एका मुलीने केलेले असेच चित्रण जगापुढे आले आणि २०२१ मध्ये संबंधित पोलिसाला दोषी ठरविण्यात तो महत्त्वाचा पुरावा ठरला. बघ्या आणि साक्षीदार यांच्या हातातील साधन एकच असते. फरक पाहणाऱ्याच्या हेतूत असतो.

समारोप

ही चार गीते क्रमाने पाहिली असता एक गोष्ट जाणवते. १९८२ मध्ये कोपऱ्यावर मित्रांचा समूह आहे. १९८९ मध्ये हजारोंचा मोर्चा आहे. २०१५ मध्ये एकटा मनुष्य शहरावर तरंगतो. २०१८ च्या चित्रफितीचा शेवट तर अंधारातून जिवाच्या आकांताने धावणाऱ्या एकट्या, भयभीत देहावर होतो. समूहाकडून एकाकी देहाकडे झालेला हा प्रवास आहे. दृश्यकला अधिक सूक्ष्म झाली, पण सोबतचे लोक पडद्यावरून नाहीसे झाले. त्या लोकांना क्लीव्हलँडच्या रस्त्यावर गीत स्वतःच्या हाती घ्यावे लागले.

हा विषय आपल्याला परका नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी विचारणा केली होती. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आज अमरावतीपासून मुंबईपर्यंतचे तरुण मराठीतून रॅप गात आहेत. चेन्नईत पा. रंजित यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा समूहही आपल्यासमोर आहे. या तरुणांनी अमेरिकेकडून वेश, हावभाव आणि मोटारी घेतल्या तर त्यांच्या हाती टरफल येईल. घ्यावयाचे असेल तर त्या कलेचे तीन गुण घ्यावेत : परिस्थिती मोजून सांगण्याचे धैर्य, पूर्वसुरींचा स्वर आपल्या स्वरात मिसळण्याची कृतज्ञता आणि पाहणाऱ्याला निर्दोष न सोडण्याची कठोरता. चौथी गोष्ट, म्हणजे समूह, तर आपल्या जलशांत आणि भीमगीतांत पूर्वीपासूनच होती. ती आपण गमावू नये. गीताचा अर्थ चित्रफितीत संपत नाही. वस्ती ते गीत कशासाठी गाते, यावर तो अखेर ठरतो.