राजहंस न झालेल्या पिलाचे काय?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते, आणि बालगटाच्या कार्यक्रमात पिवळ्या कापडाची बदके हमखास अवतरतात. माडगूळकरांचे गीत आणि आशा भोसले यांचा स्वर यांवर आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या डुलल्या आहेत. नाच संपला की बाई मुलांना विचारतात, यातून काय शिकलो? उत्तर ठरलेले असते : कुणाला रूपावरून हिणवू नये. गीत गोडच आहे. त्याच्या गोडव्याविषयी तक्रार करणारा करंटाच म्हणायचा. माझी शंका आहे ती या ठरलेल्या उत्तराविषयी.

मूळ कथा हान्स अँडरसनची, १८४३ सालची. चांभाराच्या या उंच, बेढब मुलाने स्वतःचेच दुःख तीत ओतले, असे म्हणतात आणि ते खोटे वाटत नाही. पण कथा नीट वाचून पाहावी. पिलाला टोचतात, हाकलतात. ते थंडीवाऱ्यात हिवाळा काढते आणि शेवटी पाण्यात स्वतःचे राजहंसाचे रूप पाहते. म्हातारे हंस त्याच्यापुढे माना लववतात. फार सुंदर शेवट! मात्र ज्या अंगणातून त्याला हाकलले, तिथे या अवधीत काय घडले? काहीही नाही. बदकांना पश्चात्ताप होत नाही. त्यांना तो करायला कुणी लावतही नाही. ज्यांनी शिकायचे, तेच नेमके धड्याला गैरहजर! आणि पोलिओने पाय बारीक झालेला, किंवा दुभंगलेल्या ओठाची खूण घेऊन वर्गात बसलेला मुलगा यातून काय घेणार? त्याचा पाय वसंतात बदलणार नाही. तो राजहंस नाही. तो त्याच तळ्यातले बदक आहे, आणि त्याला तिथेच राहायचे आहे.

हा दोष एकट्या अँडरसनचा म्हणावा, तर आपली परंपराही त्याच वाटेने गेलेली दिसते. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत पंडितांना निरुत्तर करतो, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण वनपर्वातला तिचा शेवट सहसा सांगत नाही : वाद जिंकल्यावर पित्याच्या आज्ञेने तो समंगा नदीत उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. भागवतातली कुब्जाही कृष्णस्पर्शाने सरळ होते. वाकडे शरीर वाकडेच राहून आपल्यात नांदले, हे कथाकारांना जणू सोसतच नाही. उलट बाजूला चेटकीण आहेच. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की आजही आठवून हसू येते, पण बालनाट्यांतून, चित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या चेटकिणीचे नाक वाकडे आणि पाठ पोक आलेलीच का असते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला नाही. वर्गातल्या म्हणींच्या यादीत वासरात लंगडी गाय शहाणी ठरते, आणि मधल्या सुटीत मुले ‘लंगड्या’ अशी हाक मारतात. तेवढ्यासाठी त्यांना निराळे शिकवावे लागत नाही.

याहून निराळा एक प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे १९७५ साली अपंग मुलांना सरकारी शाळांची दारे उघडणारा कायदा झाला. मुले एका वर्गात आली खरी, पण एकमेकांशी बोलेनात. तेव्हा १९७७ मध्ये बार्बरा आयेलो या शिक्षिकेने ‘किड्स ऑन द ब्लॉक’ हे बाहुल्यांचे पथक काढले. मुलांएवढ्या बाहुल्या, आणि जपानच्या बुनराकूप्रमाणे मागे उघड दिसणारे, काळ्या वेषातले सूत्रचालक. त्यांतला मार्क रायली चाकाच्या खुर्चीत बसतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो शेवटी उठून चालू लागत नाही. नाटुकले संपले की प्रेक्षक मुले त्याला हवे ते विचारतात, आणि तो उत्तरे देतो. घरी पाहुण्याला विचारले असते तर आईने डोळे वटारले असते, असे प्रश्न! माझ्या मते सारी कला त्या प्रश्नोत्तरांत आहे. बाहुलीला दुखावण्याची भीती नसते, म्हणून मूल खरे विचारते. आणि बाहुली निर्भीड असते, म्हणून उत्तरही खरे मिळते. ही निर्भीडता आपल्याला नवी नाही. पाध्ये पितापुत्रांचे अर्धवटराव भल्याभल्यांना जे ऐकवत आले, ते माणसाच्या तोंडून कुणी ऐकून घेतले असते काय?

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना शाळेत प्रवेशच नव्हे, तर खेळ आणि मनोरंजन यांतही बरोबरीची संधी देऊ केली आहे. संमेलनात मात्र खुर्चीतल्या मुलाच्या वाट्याला बहुधा निवेदन येते, नाहीतर सूर्य : कडेला बसून हसायचे.

बदकांचे गाणे बसवू नये, असे मी म्हणत नाही. बसवाच. फक्त पडदा पडण्यापूर्वी राजहंसाला विंगेत जाऊ द्यावे, बदकांना रंगमंचावर थांबवून घ्यावे, आणि समोरच्या मुलांना सांगावे, की आता यांना विचारा, त्याला का हाकललेत?