वेदनाशमनाची 'चौथी पायरी' : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सुचविली : प्रथम साधी वेदनाशामके, नंतर सौम्य अफूजन्य औषधे व अखेरीस मॉर्फिन. सुईद्वारे चेतातंतू बधिर अथवा निकामी करणाऱ्या उपचारांना पुढे 'चौथी पायरी' असे संबोधण्यात आले. प्रस्तुत लेखात या संज्ञेची नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा केली आहे.

संज्ञेतील दोष :
'चौथी' या शब्दातून आधीचे सर्व उपाय थकल्यानंतरचा उपाय, असा अर्थ ध्वनित होतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात सिलिअॅक चेताजालाभोवती अल्कोहोल सोडून वेदनेचा मार्ग खंडित केला जातो. मात्र गाठ फार पसरल्यास हे द्रव्य चेतांपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजेच शिडीनुसार ज्या वेळेची प्रतीक्षा करावयाची, त्या वेळी उपचाराची उपयुक्तताच घटलेली असते.

पुराव्याची मर्यादा :
तथापि समर्थकांचा अतिरेकी उत्साहही ग्राह्य नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०० रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासात या उपचाराने वेदना अधिक कमी झाली. परंतु अफूजन्य औषधांचा वापर, जीवनमान व आयुर्मान यांत लक्षणीय फरक आढळला नाही. परिणाम काही महिन्यांनी ओसरू शकतो. क्वचित पाय लुळे पडण्याचा धोकाही संभवतो. सबब हा उपचार मॉर्फिनला पूरक आहे, पर्याय नव्हे.

नाशिकचा संदर्भ :
क्ष-किरण वा सीटी स्कॅनचे मार्गदर्शन आणि प्रशिक्षित भूलतज्ज्ञ यांवाचून हे उपचार सहसा होत नाहीत. त्यामुळे ते स्वभावतःच शहरकेंद्री राहतात. सुरगाणा वा पेठच्या रुग्णाला शहराच्या वारंवार खेपा अशक्यप्राय असतात. त्याच्या दृष्टीने वेळेवर घेतलेली एक सुई ही चैन नसून सोय ठरू शकते. मात्र वेदना परतल्यावर तालुक्यात मॉर्फिन नसेल, तर तीच सुई म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होय. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील जाचक परवाने २०१४ च्या दुरुस्तीने सुलभ झाले. केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. परंतु कायदा सुलभ झाला म्हणून औषध आपोआप गावात पोहोचत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था व प्रशिक्षित डॉक्टर लागतात.

निष्कर्ष :
पायरी कितवी, हा प्रश्न गौण आहे. सुई केव्हा द्यावी आणि त्यानंतर रुग्णाच्या घरी कोण जाणार, हे खरे प्रश्न आहेत. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे आहे. या प्रश्नांचे अध्यापन व संशोधन येथूनच घडावे, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.