मुखपृष्ठावरची ती

दिवाळी अंक घरात आला, की आधी मुखपृष्ठ पाहिले जाते, अनुक्रमणिका मागाहून. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केले, आणि पुढे दलाल व रघुवीर मुळगावकर या दोघांच्या कुंचल्यांनी सुंदर बाई कशी असते ते मराठी घराला शिकवले. हा धडा घरातल्या मुलींनीही गिरवला. म्हणून तो तपासावयास हवा.

दलालांची रेषा मला अधिक आवडते. तिच्यात ठसका आहे. त्यांची बाई कुठूनतरी आलेली आणि कुठेतरी निघालेली वाटते. मुळगावकरांची बाई बहुधा आपल्याकरिता थांबलेली असते. कांती लोण्यासारखी, कंबर मुठीत मावेल अशी, आणि हातातल्या तबकाचे वजन मनगटाला जाणवतच नाही! चित्र मोहक आहे, यात वाद नाही. परंतु त्याच घराच्या देव्हाऱ्यात राजा रविवर्म्याच्या, १८९४ साली निघालेल्या छापखान्यातली लक्ष्मी असे, आणि ती चांगली भरल्या अंगाची आहे. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत बाईची कंबर घटली. पुढे सिनेमाने आणि आता हातातल्या फोनने ती आणखी घटवली. रंग मात्र कोणी बदलला नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा टाकला, एवढेच.

आमच्या बारामती-इंदापूरकडे हे सारे फारच विपरीत दिसते. उसाच्या फडात बायका साडीवर पुरुषी सदरा चढवून, तोंड बांधून, भर उन्हात डोक्यावर मोळ्या वाहतात. त्या दंडातली ताकद कोणत्या मुखपृष्ठावर आली? आणि शाळेत कबड्डीला मुली मैदानात काढाव्यात, तर एखादी हळूच म्हणते, “बाई, काळी पडंन मी.” तिला हे आईने सांगितले, की भिंतीवरच्या कॅलेंडराने?

म्हणूनच नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२०१६) मोल मला त्यातल्या गाण्यांहून नायिकेत अधिक वाटते. रिंकू राजगुरू ही नीरेपलीकडच्या अकलूजची पोर, सावळी, ठसठशीत. तिची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, आणि कोणी टक लावून पाहिले तर उलट रोखून पाहते. चित्रपट लागण्यापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. मग लोकांनीही तिला डोक्यावर घेतले. आणि दोनच वर्षांनी त्याच कथेवर हिंदीत ‘धडक’ निघाला, तेव्हा नायिका पुन्हा गोरी नि नाजूक! कथा चालली, रंग चालला नाही.

तरीही आर्ची पाटलाची लेक आहे. ट्रॅक्टर ती हौसेने चालवते. मोळी वाहणारी अजून कोणी रंगवायची राहिलीच आहे. या अंकाचे मुखपृष्ठ हे लिहीपर्यंत माझ्या पाहण्यात आलेले नाही.