स्वतंत्र संगीत : स्वतंत्र कोणापासून?

एका महाविद्यालयाच्या रेडिओ केंद्रावर आठवड्यातून एक तास 'नवे स्वतंत्र संगीत' ऐकविण्याचे काम मी तीन वर्षे केले. त्या कामाने मला जे शिकविले ते येथे मांडावयाचे आहे. हे आत्मकथन नव्हे. ज्या शब्दावर तो कार्यक्रम उभा होता, त्या 'स्वतंत्र' या शब्दाची ही तपासणी आहे. आणि या तपासणीत मीही आरोपी आहे, हे आरंभीच नोंदवितो.

मी कबनूरचा. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात मूल बोलायला शिकते ते यंत्रमागाच्या खडखडाटात. वडील रातपाळीला माग चालवीत. मागाच्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. ते समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखीत. पण गाणे ऐकू येते, असे ते म्हणत, कारण गाणे मागाच्या ठेक्यावर बसते. आमच्या वस्तीतले गाणे म्हणजे वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. एप्रिलमध्ये ते कर्ण्यावर वाजे, उरसात कव्वालीच्या अंगाने येई, आणि एरवी कॅसेट झिजेपर्यंत घरात फिरे.

शाळेत मात्र इचलकरंजीचे संगीत म्हणून मला एकच नाव शिकविले गेले : बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू. त्यांचे मोठेपण नाकारण्याचे मला कारण नाही. आमच्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावी मार्च १९२० मध्ये परिषद झाली, शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर तेथे एका व्यासपीठावर आले, हेही शिकविले गेले. बुवा संगीताच्या इतिहासात बसले, माणगाव सामाजिक इतिहासात बसले. आमच्या गल्लीतले गाणे कोणत्याच इतिहासात बसले नाही. ते गाणे संगीत म्हणून मोजलेच गेले नव्हते. माझ्या पुढच्या चुकीचे मूळ येथे आहे.

नभोवाणीने काय मोजले आणि काय वगळले, याचा इतिहास बोलका आहे. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. या वाद्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही, ते परके आहे, असे त्यामागचे युक्तिवाद होते. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. शास्त्र म्हणून त्या युक्तिवादात तथ्य असेलही. परंतु पेटी हे कोणाचे वाद्य होते? भजनी मंडळाचे, तमाशाचे, जलशाचे. गुरुगृही तानपुऱ्यावर स्वर लावण्याची ज्यांना सोय नव्हती, त्यांना स्वर देणारी ती एकमेव वस्तू होती. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी चित्रपटसंगीताला आकाशवाणीची दारे लावली आणि श्रोता उठून रेडिओ सिलोनकडे गेला; शेवटी १९५७ मध्ये विविधभारती सुरू करावी लागली. दोन्ही प्रसंगांत अभिरुचीचा निर्णय वरून झाला आणि त्याला 'दर्जा' हे नाव मिळाले. दर्जा हा शब्द आपल्याला नवा नाही. दलित कवितेलाही प्रथम याच शब्दाने अडविले गेले होते.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही लहान क्षमतेची सामुदायिक केंद्रे चालविण्यास परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', मुंबई विद्यापीठाचा 'रेडिओ मस्ट', म्हसवडचे 'माणदेशी तरंग', जत तालुक्यातील जालिहाळची 'येरळावाणी' ही या धोरणाची फळे. २००८ मध्ये तेलंगणात 'संघम रेडिओ' सुरू झाला आणि तो दलित स्त्रियांनी चालविला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. या केंद्रांची क्षमता साधारण शंभर वॅटची, पोहोच काही कोसांची. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. गाणे मात्र देता येते. म्हणूनच कोणते गाणे द्यावयाचे, हा लहान प्रश्न राहत नाही.

मी ज्या केंद्रावर होतो ते घरापासून दूरच्या शहरात होते. कबनूरला ते ऐकू येत नसे. पहिल्या वर्षी मी काय ऐकविले? शहरातील मुलांचे गिटारवरचे गीत, निम्मे इंग्रजी, निम्मे हिंदी. एकटेपणा, पाऊस, सुटलेले प्रेम. ही मुले मोठ्या कंपनीच्या दारात गेली नव्हती, खोलीतच ध्वनिमुद्रण करीत होती, म्हणून ती 'स्वतंत्र'. त्यांच्यातील काहींचे काम खरोखर चांगले होते. पण कंपनीपासून स्वतंत्र असलेला हा कलावंत वडिलांच्या पगारापासून स्वतंत्र नव्हता. त्याची खोली, त्याचा मायक्रोफोन, त्याची इंग्रजी, त्याला ओळखणारे संपादक हे सर्व त्याला जन्मतः मिळाले होते. यात त्याचा दोष नाही. दोष माझा, की मी या सवलतीलाच स्वातंत्र्य म्हणत होतो.

आता दुसरी बाजू पाहा. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा १९३० च्या दशकात गावोगाव गेला तेव्हा त्यामागे कोणती कंपनी होती? सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा (१९२२–२००४) अक्षरे शिकले तेच मुळी मोठेपणी; त्यांनी हजारो गीते रचली आणि ती मुखोमुखी पसरली. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर गीतांच्या पातळ पुस्तिका फूटपाथवर विकल्या गेल्या. स्वतःची लेखणी, स्वतःचे व्यासपीठ, स्वतःचे वितरण, स्वतःचा श्रोता : स्वतंत्र संगीताची कोणतीही व्याख्या घ्या, ती या गाण्याला प्रथम लागू पडते. साठच्या दशकात अनियतकालिकांनी छापखान्याबाबत जे केले, ते जलशाने त्याआधी तीस वर्षे रंगमंचाबाबत केले होते. तरीही 'इंडी' या नावाच्या यादीत ते नाही. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीते आषाढीला सर्वत्र वाजतात; त्याच गळ्यातील भीमगीते मात्र आपल्या वस्तीची सीमा ओलांडीत नाहीत. आवाज तोच, मग सीमा कोणी आखली?

महाविद्यालयीन रेडिओला हे शक्यच नव्हते असे म्हणावे, तर अमेरिकेचे उदाहरण समोर आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डब्ल्यूकेसीआर या केंद्रावर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम मध्यरात्रीनंतर चाले. कोणत्याही कंपनीशी करार नसलेली काळी मुले तेथे येऊन आपले रॅप ऐकवीत. नास आणि नोटोरियस बी.आय.जी. हे त्यांपैकीच. ज्या विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याच विद्यापीठाच्या ध्वनिक्षेपकावरून हार्लेम आणि ब्रुकलिन बोलले. विद्यापीठाची भिंत तेवढ्यापुरती तरी खाली आली.

हे सर्व मला तेव्हा माहीत होते. तरी माझ्याकडून जे घडले ते असे. दुसऱ्या वर्षी कबनूरच्याच एका मुलाने गाणे पाठविले. तो मागावर काम करी. सुटीच्या वेळी कारखान्यातच मोबाइलवर त्याने ते मुद्रित केले होते. मागे शेजारच्या शेडमधील मागांचा आवाज होता. गाण्यात आठवड्याचा पगार होता, उचल होती, आणि भाड्याची खोली शोधताना त्याला विचारलेले आडनाव होते. केंद्राच्या निवड समितीने दोन आक्षेप घेतले : मागे गोंगाट आहे, आणि आडनावाचे कडवे 'वाद निर्माण करणारे' आहे. मी वाद घातला नाही. कडवे कापले, मागांचा आवाज यंत्राने गाळला, आणि 'लोकसंगीताचा एक नवा आविष्कार' असे निवेदन करून गाणे लावले. मला वाटले, मी त्याला संधी दिली.

सुटीत गावी गेलो तेव्हा तो चहाच्या गाड्यावर भेटला. मी कार्यक्रम त्याला फोनवर पाठविला होता. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "सर, नाव माझं लावलासा, पर गाणं माझं न्हवतं."

समीक्षेचे चार ग्रंथ वाचून मला जे उमगले नव्हते ते या वाक्याने उमगले. मागाचा आवाज हा गोंगाट नव्हता. तो त्या गाण्याचा ठेका होता. तो गाळल्यावर उरली एक बिचारी चाल. कापलेले कडवे हा वाद नव्हता. बाकीची कडवी ज्यासाठी लिहिली ते ते कडवे होते. आणि 'लोकसंगीत' म्हटल्याबरोबर एका जिवंत, नाव असलेल्या कवीचा मी निनावी 'लोक' करून टाकला. गिटारवाल्या मुलाला मी कधी लोकसंगीतकार म्हटले नव्हते. तो कलावंत, आणि हा लोक! प्रस्थापितांची दृष्टी आपल्यावर लादली जाते, असे आपण म्हणतो. ती आपल्या हातात कात्री देऊन आपल्याकडूनही काम करवून घेते, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढच्या सत्रात मी ते गाणे मागांच्या आवाजासह संपूर्ण लावले, कवीचे नाव आणि गाव सांगून. सत्र संपल्यावर कार्यक्रम दुसऱ्याकडे गेला. त्याचे मला दुःख नाही; आधीच्या प्रक्षेपणाचे आहे.

मात्र आपले गाणे आहे म्हणून त्याला समीक्षेतून सूट द्यावी, असे कोणी समजू नये. ती सूट म्हणजे दुसऱ्या प्रकारची कात्री होय. आज मराठी रॅप जोरात आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, म्हणजे शब्दांना अजून धार आहे. चेन्नईत उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने वस्तीतील गाना हा प्रकार व्यासपीठावर आणला. पण माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाण्यांत विद्रोह हा केवळ पोशाख होता. आंबेडकरी जलसा 'आम्ही' म्हणत होता; नव्या रॅपमधला 'मी' पुष्कळदा आपल्या गाडीची, चष्म्याची आणि शत्रूच्या आईबहिणीची भाषा बोलतो. डीजेवरच्या भीमगीतांत बाबासाहेबांचे नाव असते, विचार नसतो. कर्ण्याची ताकद वाढली तसे शब्द कमी झाले. कंपनीच्या जागी आता पाहणाऱ्यांचा आकडा मालक झाला आहे, आणि जो आकड्यासाठी लिहितो तो स्वतंत्र नव्हे.

आणि स्त्रिया कोठे आहेत? गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या; त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात आज घराघरांत ऐकल्या जातात. तीन वर्षांत माझ्या कार्यक्रमात आलेल्या वस्तीतील मुलींची गाणी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. त्या गात नव्हत्या असे नाही. मी त्यांच्यापर्यंत गेलो नाही. पाठवील त्याचे लावीन, असे म्हणत बसलो. ज्याच्याकडे फोन आणि फुरसत, तोच पाठविणार, हे मला कळायला हवे होते.

म्हणून महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या आपल्या मित्रांना माझे सांगणे आहे. आपल्या संस्थेत रेडिओ असेल तर त्यावरचा एक तास मागा. नसेल तर वर्गातील एक तास घ्या. गाणे मागवू नका, ते जेथे होते तेथे जा. ऐकविताना गाणाऱ्याचे पूर्ण नाव आणि गाव सांगा, आणि कात्री लावण्यापूर्वी त्याला विचारा. त्यानंतर ते गाणे चांगले की वाईट, हे निर्भीडपणे बोला. कारण ज्याच्यावर कोणी टीका करीत नाही, त्याला कोणी गंभीरपणे घेतलेलेच नसते.

तो मुलगा अजून मागावर आहे. मधून गाणे पाठवितो. गेल्या वेळच्या गाण्याचे दुसरे कडवे मला सैल वाटले, तसे मी त्याला कळविले. त्याने ते बदललेले नाही. का बदलले नाही, याची कारणे त्याने तीन पाने लिहून पाठविली आहेत. ती मी वाचतो आहे.